वेबसाइटचा ऑटोमॅटिक बॅकप होस्टिंगच्या पॅनलमधून कसा लावायचा, आणि लावून झाल्यावर काय तपासायचं

सोलापुरात आता अगदी छोट्या धंद्याचीही वेबसाइट असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले, युनिफॉर्मचे कारखानदार, शेंगा चटणी नि कडक भाकरी पार्सलनं पाठवणारे, सगळेच ऑनलाइन आलेत. साइट बनवताना रंग, फोटो, लोगो यावर तासन्‌तास चर्चा होते, पण बॅकपचं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "ते होस्टिंगवाले घेतात की." होस्टिंगवाले म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर, ठेवलेली असते ती कंपनी. ते घेतात, खरंय. पण रोज घेतात का आठवड्याला, किती दिवस ठेवतात, कुठं ठेवतात, आणि मागितला तर फुकट देतात का पैसे लावतात, हे कुणी बघितलेलं नसतं. होस्टिंगच्या अटी एकदा नीट वाचा, त्यात बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की डेटाचा बॅकप ठेवायची जबाबदारी शेवटी ग्राहकाची.

माझं म्हणणं एवढंच आहे की साइट ज्या सर्व्हरवर आहे त्याच सर्व्हरवर पडलेली कॉपी हा बॅकप नाही, आणि एकदाही उघडून न बघितलेली कॉपी हा पण बॅकप नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, त्यात एक अख्खी इमारत खाक झाली, आणि ज्या लोकांचा बॅकप पण त्याच आवारात होता त्यांची साइट आणि बॅकप दोन्ही एकदमच गेलं. म्हणून खाली जे काही सांगतोय ते या दोन गोष्टी धरूनच.

सगळ्यात आधी लॉगिन

पॅनल, म्हणजे होस्टिंग जिथून सांभाळायचं ते पान, उघडायच्या आधी हे बघा की पॅनल तुमच्या ताब्यात आहे का. आपल्याकडं होतं असं की साइट पुण्याच्या नाहीतर ओळखीतल्या पोरानं बनवून दिलेली असते, होस्टिंग त्याच्याच अकाउंटवर घेतलेलं असतं, डोमेन पण त्याच्याच ईमेलवर, आणि मालकाकडं फक्त वर्डप्रेसचं, म्हणजे साइट ज्या सॉफ्टवेअरवर बनलीय त्याचं, लॉगिन असतं. तो मुलगा चांगलाच असेल, पण उद्या नोकरी लागून बेंगळुरूला गेला, नंबर बदलला, तर तुम्ही कुणाला फोन करणार? आजच त्याला शांतपणे सांगा की होस्टिंगच्या बिलिंग अकाउंटचं लॉगिन, कंट्रोल पॅनलचं लॉगिन आणि डोमेन कुठून घेतलंय त्याचं लॉगिन, तिन्ही द्या आणि अकाउंटवरचा ईमेल आमचा टाका. आणि हा ईमेल तुमच्याच डोमेनचा नको, साधा जीमेलचा द्या, कारण सर्व्हर बंद पडला की डोमेनचा मेल पण बंद पडतो आणि पासवर्ड रिसेटची लिंक येणार कुठं?

बॅकपमध्ये काय काय यायला पाहिजे

वर्डप्रेसची साइट म्हणजे दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक फाइली, म्हणजे थीम (साइटचं रूप), प्लगइन (जादा सोयी देणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि अपलोड केलेले फोटो, हे सगळं डब्ल्यूपी-कंटेंट नावाच्या फोल्डरमध्ये असतं, शिवाय डब्ल्यूपी-कॉन्फिग नावाची एक छोटी फाइल, जिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. दुसरा डेटाबेस, त्यात तुमची पानं, प्रॉडक्टची नावं, किमती, ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते. नुसतं फाइल मॅनेजरमधून फोल्डर झिप करून उतरवून घेतलं की फोटो येतात पण एक पण ऑर्डर येत नाही, आणि नुसता डेटाबेस घेतला तर मजकूर येतो पण फोटोच्या जागी रिकामे चौकोन. दोन्ही पाहिजे, आणि दोन्ही साधारण एकाच वेळचं पाहिजे.

तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे ईमेल. सेल्स@ किंवा इन्फो@ अशी खाती त्याच होस्टिंगवर असतील तर ते मेल पण त्याच सर्व्हरवर पडलेले असतात. वर्डप्रेसच्या प्लगइनचा बॅकप त्यांना हात पण लावत नाही. आणि डोमेनचे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या नोंदी, त्याचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवला तरी पुरतो, पण ठेवा.

सीपॅनलमध्ये काय मिळतं

भारतात शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असलेलं, घेतलं तर बहुतेक वेळा सीपॅनल नावाचं पॅनलच मिळतं, म्हणून त्यावर जास्त बोलतो. लॉगिन केल्यावर फाइल्स या भागात 'बॅकप' आणि 'बॅकप विझार्ड' अशी दोन चिन्हं दिसतात. ती बघून लोकांना वाटतं की झालं काम, पण ती दोन्ही हातानं घ्यायच्या बॅकपसाठी आहेत, त्यात वेळापत्रक लावायची सोय नाही. तरी ती माहीत पाहिजेत, कारण काही मोठा बदल करायच्या आधी, म्हणजे थीम बदलायची किंवा पीएचपीचं व्हर्जन वाढवायचं असेल तर आधी इथूनच एक कॉपी काढायची असते.

त्यात 'फुल अकाउंट बॅकप' म्हणजे सगळंच एका टार-जीझेड फाइलीत येतं, फाइली, डेटाबेस, मेल, सेटिंग. ही फाइल साइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवायला झकास, पण ती तुम्ही स्वतः सीपॅनलमधून परत टाकू शकत नाही, त्याला होस्टिंगवाल्यांचा अधिकार लागतो, त्यांना तिकीट, म्हणजे सपोर्टला लेखी विनंती, टाकावं लागतं. स्वतःला परत टाकता यावं असं पाहिजे असेल तर 'पार्शल बॅकप'मधून होम डिरेक्टरी वेगळी आणि डेटाबेस वेगळा उतरवून घ्या, हे दोन्ही त्याच पानावरून परत चढवता येतात.

अजून एक, फुल बॅकप आधी तुमच्याच जागेत तयार होतो. समजा १० जीबीचा प्लॅन आहे आणि ६-७ जीबी भरलेलं आहे, तर त्याच जागेत अजून एवढीच मोठी फाइल कुठून मावणार, बॅकप अर्धवट राहतो आणि वर डिस्क फुल झाल्यामुळं मेल यायचे बंद होतात. म्हणून आधी उजव्या बाजूच्या पट्टीत डिस्क युसेज बघा. त्याच पानावर बॅकप थेट लांबच्या एफटीपी सर्व्हरवर, म्हणजे फाइली ठेवायच्या दुसऱ्या सर्व्हरवर, पाठवायचा पर्याय असतो, पण फाइल तयार होईपर्यंत तरी जागा लागतेच, हे धरून चाला. उतरवून घेतल्यावर जुनी फाइल होम डिरेक्टरीतनं काढून टाका.

आता खरं ऑटोमॅटिक

पॅनलमध्ये 'जेटबॅकप' असं चिन्ह आहे का ते शोधा. असेल तर तुमचा होस्टिंगवाला ठरलेल्या वेळी बॅकप घेतोय आणि तुम्हाला तो बघायची, उतरवायची, परत टाकायची मुभा आहे. आत गेलात की तारखांची यादी दिसते, फाइली, डेटाबेस, मेल, डीएनएस वेगवेगळे निवडता येतात. सगळ्यात जुनी तारीख कुठली आहे ते बघा, म्हणजे किती दिवस मागं जाता येतं ते कळतं. वेळापत्रक मात्र होस्टिंगवाल्याच्या हातात असतं, आणि प्लॅन संपला की हे पण संपतं. म्हणून जेटबॅकप आहे म्हणून निवांत बसायचं नाही, स्वतःचा एक वेगळा लावायचाच.

स्वतःचा लावायला सीपॅनलमध्ये सगळ्यात सोपं म्हणजे 'सॉफ्टॅक्युलस'. वर्डप्रेस एका क्लिकमध्ये टाकायला आपण जे वापरतो तेच. साइट त्यातनंच टाकलेली असेल तर यादीत दिसते, हातानं टाकलेली असेल तर आधी 'इम्पोर्ट' करून यादीत आणा, त्यानं साइटला काही होत नाही.

पहिलं काम म्हणजे बाहेरची जागा जोडायची. सॉफ्टॅक्युलसच्या आत सेटिंगमध्ये 'बॅकप लोकेशन' जोडायचा पर्याय असतो, तिथं गूगल ड्राइव्ह निवडलं की गूगलचं पान उघडतं, लॉगिन करून परवानगी द्यायची. इथं घाई करू नका, घरातल्या फोटोंनी भरलेलं रोजचं जीमेल देऊ नका. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती मेल, फोटो, ड्राइव्ह तिघांत मिळून आहे, म्हणजे पोरांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ वाढले की तुमच्या साइटचा बॅकप गुपचूप थांबतो. बॅकपसाठी वेगळं खातं काढा, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, एसएफटीपी हे पण चालतं.

मग यादीतल्या तुमच्या साइटसमोरच्या पेन्सिलीच्या चिन्हावर क्लिक करा. येणाऱ्या पानावर खाली 'बॅकप लोकेशन'मध्ये आत्ता जोडलेलं ड्राइव्ह निवडा, नाहीतर ते मुकाट्यानं त्याच सर्व्हरवर साठत राहतं. 'ऑटोमेटेड बॅकप'मध्ये रोज, आठवड्याला, महिन्याला किंवा कस्टम असे पर्याय आहेत. आणि 'बॅकप रोटेशन' म्हणजे किती कॉप्या ठेवायच्या, तेवढ्या झाल्या की सगळ्यात जुनी आपोआप निघते. सेव्ह करा. यात कुठला पर्याय दिसतच नसेल तर होस्टिंगवाल्यानं तो बंद ठेवलेला असतो, मग खालचा प्लगइनचा रस्ता धरा.

सीपॅनलच्या जागी प्लेस्क हे पॅनल असेल तर त्यात 'बॅकप मॅनेजर' आहे, तिथं वेळापत्रक आणि बाहेरची जागा दोन्ही सरळ लावता येतं, आणि बॅकपला पासवर्ड पण लावता येतो. डायरेक्टअॅडमिनमध्ये 'क्रिएट/रिस्टोर बॅकप्स' आहे पण ते हातानंच घ्यायचं.

पॅनलमध्ये काहीच नसेल तर

अपड्राफ्टप्लस हा प्लगइन टाका, फुकटचा पुरतो. त्यात फाइलींचं आणि डेटाबेसचं वेळापत्रक वेगवेगळं लावता येतं, हे मला फार कामाचं वाटतं, कारण फोटो काही रोज बदलत नाहीत पण ऑर्डरी रोज येतात. डेटाबेस रोज, फाइली आठवड्याला, अशी वाटणी करा म्हणजे जागा पण वाचते. गूगल ड्राइव्ह याला पण जोडता येतं.

पण यात एक मेख आहे. वर्डप्रेसचं स्वतःचं घड्याळ नसतं, कुणीतरी साइट उघडली की ते बघतं की काही काम राहिलंय का. दिवसभर चारच लोक येणारी साइट असेल तर रात्री दोनचा बॅकप सकाळी अकराला सुरू होतो, तोही कुणी आलं तर. याला उपाय म्हणजे सीपॅनलमधलं 'क्रॉन जॉब्स', ठरलेल्या वेळी काम चालवणारं सर्व्हरचं घड्याळ. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत 'डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन' ही सेटिंग ट्रू करायची आणि सीपॅनलच्या क्रॉनमधून दर पंधरा मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉनची पीएचपी फाइल चालवायची. त्याची नेमकी ओळ प्रत्येक होस्टिंगवर थोडी वेगळी असते, सपोर्टला चॅटवर मागितली की ते तयार देतात. दोन्ही कामं एकाच बैठकीत करा, पहिलं करून दुसरं राहिलं तर बॅकप तर सोडाच, साइटची बाकीची ठरलेली कामं पण थांबतात.

वेळ कुठली ठेवायची

रात्री दोन ते चार ही वेळ बरी, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. पण सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे आपल्याकडं पहाटे अडीचला बॅकप पाहिजे असेल तर सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवशीचे रात्रीचे ९ लावायचे. क्रॉनच्या खान्यांत मिनिटाला शून्य, तासाला २१ आणि बाकीच्या तिन्ही खान्यांत तारा, टाइप करताना आकडे इंग्रजीच. हे न बघता सरळ २ टाकलं तर बॅकप आपल्या सकाळी साडेसातला चालतो, आणि तासाला ८ टाकलं तर भर दुपारी दीडला, मग साइट हळू झाली म्हणून फोन.

किती वेळा घ्यायचा हे धंद्यावर आहे. स्वतःला एकच प्रश्न विचारा, की किती दिवसांचं काम परत करावं लागलं तर मला चालेल. फक्त कॅटलॉग आणि फोन नंबर असलेल्या टॉवेलच्या साइटला आठवड्याला एक पुरतो. चटणीच्या ऑर्डरी घेणाऱ्या साइटला रोज, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ऑर्डरी वाढत असतील तर डेटाबेस दर चार तासांनी. युनिफॉर्मवाल्यांचा सीझन एप्रिल ते जून, तेव्हा आठवड्याचा बॅकप रोजचा करून टाका आणि शाळा सुरू झाल्या की परत आठवड्यावर आणा.

कॉप्या किती ठेवायच्या यात लोक कंजूषपणा करतात. साइट हॅक झाली की लगेच कळत नाही, घुसवलेली फाइल दोन-तीन आठवडे गप्प पडून असते. तुमच्याकडं फक्त मागच्या तीन दिवसांच्या कॉप्या असतील तर तिन्हीमध्ये तीच घाण. रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या तीन असं जमलं तर उत्तम. रोटेशनमध्ये एवढं जमत नसेल तर महिन्यातनं एकदा एक कॉपी हातानं उतरवून एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाका, आणि ती डिस्क कारखान्यात नको, घरी ठेवा, सूत-कापडाच्या साठ्याशेजारी तर अजिबातच नको.

तपासणी, हा भाग वगळू नका

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका इंजिनिअरकडनं चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकप घ्यायच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या, आणि ऐनवेळी कळलं की त्यातली एकही धड चालत नाही. मुख्य बॅकप कितीतरी दिवस फेल होत होता, त्याचे इशाऱ्याचे मेल पण मेल सर्व्हर परत फेकत होता म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. नशिबानं सहा तासांपूर्वीची एक कॉपी दुसऱ्या कामासाठी काढलेली होती, तिच्यावर निभावलं. त्यांच्याकडं पगारी इंजिनिअरांची फौज होती तरी हे झालं, मग आपण तर बघायलाच पाहिजे.

तर पहिल्या रात्रीचा बॅकप झाला की सकाळी ड्राइव्ह उघडून फाइल आलीय का आणि तिचा आकार काय ते बघा. साइट २ जीबीची आणि बॅकप ४० एमबीचा असेल तर काहीतरी गडबड आहे. फाइल उतरवून उघडा, आत डेटाबेसची एसक्यूएल फाइल असते ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून अगदी तळाला जा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमीच्या डंपमध्ये, म्हणजे उतरवलेल्या कॉपीत, शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख असते. ती ओळ असेल तर डेटाबेस पूर्ण उतरलाय. दुसऱ्या टूलनं काढलेल्या फाइलीत ही ओळ नसेलही, मात्र मजकूर मध्येच तुटलेला दिसला तर तो बॅकप धरू नका.

त्याच फाइलीत एखादं मराठी नाव शोधा, समजा 'शेंगा चटणी'. नीट देवनागरी दिसलं तर उत्तम, त्याजागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर बॅकप घेताना अक्षरांची सेटिंग चुकलेली आहे आणि ती अक्षरं परत येत नाहीत. इंग्रजी साइटवाल्यांना हा त्रास कळणारच नाही, आपल्याला मात्र सगळी प्रॉडक्टची नावं परत टाइप करायला लावतो. असं दिसलं तर होस्टिंगवाल्याला सांगा की डेटाबेस आणि डंप दोन्ही यूटीएफ-८ एमबी-४ या अक्षरांच्या सेटिंगमध्ये पाहिजे.

मग खरी परीक्षा. सीपॅनलमध्ये टेस्ट नावाचा एक सबडोमेन, म्हणजे तुमच्या डोमेनचाच उपपत्ता, काढा, त्याला पासवर्ड लावा, आणि तिथं एक रिकामी वर्डप्रेस टाकून अपड्राफ्टप्लसनं बॅकप चढवा, पण पत्ता बदलून दुसऱ्या जागी चढवायला त्यांचं पैशाचं व्हर्जन लागतं. ते नको असेल तर फाइली आणि डेटाबेस हातानं टाका, किंवा एखाद्या जाणकाराला अर्धा दिवस बसवा, हा खर्च वाया जात नाही. चालू साइटवर रिस्टोरचं बटन दाबून ट्रायल घेऊ नका, ते आधीचं सगळं पुसून वर चढवतं. टेस्टवर साइट उघडली की दोन-चार फोटो, एक जुनी ऑर्डर आणि अॅडमिनचं लॉगिन तेवढं बघा. टेस्टवरनं गिऱ्हाइकांना मेल जाणार नाहीत याची काळजी घ्या, आणि काम झालं की काढून टाका.

हे वर्षातनं दोनदा तरी करा. ३१ मार्चला जगभर बॅकप डे पाळतात आणि आपल्याकडं त्याच दिवशी मार्च एंड, त्या दिवशी कुणाला सवड नसते, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या, युनिफॉर्मच्या सीझनच्या आधी.

वेळ आलीच तर

समजा प्लगइन अपडेट केला आणि साइट पांढरी झाली. घाबरून लगेच कालचा पूर्ण बॅकप चढवू नका. आधी आत्ता जे मोडकं आहे त्याचीच एक कॉपी काढा, विशेषतः डेटाबेसची. कारण काल रात्रीपासून आत्तापर्यंत ज्या ऑर्डरी आल्या त्या फक्त या मोडक्या साइटच्या डेटाबेसमध्ये आहेत. पूर्ण रिस्टोर केलं की साइट चालू होते पण सकाळच्या ऑर्डरी जातात, पैसे मात्र पेमेंट गेटवेवर जमा झालेले दिसतात, आणि गिऱ्हाईक फोन करतं, "ओ, पैसे कापले गेलेत, पार्सल कधी पाठवताय?" तुमच्याकडं त्याचं नाव पण नाही. बिघाड प्लगइनमुळं किंवा थीममुळं असेल तर आधी फक्त फाइली परत टाकून बघा, डेटाबेसला हात लावू नका. डेटाबेस टाकायचाच असेल तर गेटवेच्या डॅशबोर्डवरून मधल्या वेळातले व्यवहार उतरवून घ्या आणि ऑर्डरी हातानं भरा.

बॅकपची फाइल पब्लिक एचटीएमएल या, साइट ज्यातनं जगाला दिसते त्या, फोल्डरमध्ये पाच मिनिटं पण ठेवू नका. नाव अंदाजानं टाकून कुणीही ती उतरवू शकतो, असे बॉट चोवीस तास फिरत असतात, आणि त्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड आणि गिऱ्हाइकांचे फोन-पत्ते सगळं उघडं असतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लोकांची माहिती सांभाळायची जबाबदारी ती घेणाऱ्यावर टाकतो, त्यात बॅकप पण आला.

शेवटचं म्हणजे रिन्युअल. होस्टिंगची मुदत संपली की आधी साइट बंद होते, मग ठरलेल्या मुदतीनंतर अकाउंटच उडवतात, आणि जेटबॅकपमधल्या कॉप्या पण त्याच्यासोबत जातात. कार्ड बदललं की ऑटो-रिन्युअल फेल होतं, त्याचा मेल स्पॅममध्ये पडतो. मुदतीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट टाका, घरातल्या किंवा दुकानातल्या अजून एका माणसाच्या मोबाइलमध्ये पण टाका, आणि त्याला बॅकपचं गूगल खातं कुठलं आणि ते उघडायचं कसं हे समोर बसवून एकदा दाखवून ठेवा.